मेण थिजताना

(दृश्य: बांद्र्याचा डोंगर, चर्चच्या पायऱ्या, मेणाच्या आकृत्यांनी भरलेले ठेले)

८ सप्टेंबर हा मरियमेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारी बांद्र्याला मोत माउलीची जत्रा भरते आणि आठवडाभर डोंगर माणसांनी फुलून जातो. ठेल्यांवर साध्या मेणबत्त्या असतातच, पण लोक थबकतात ते आकृत्यांपाशी. गुडघा दुखतोय त्याने मेणाचा पाय न्यायचा, मूल हवंय त्याने बाळ, मुंबईत हक्काचं छप्पर हवंय त्याने घर. नवस बोलणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि हिंदू किती, हे मोजायच्या फंदात इथे कुणी पडत नाही.

आज आपण जत्रेत जाणार नाही. जत्रेच्या आधी मेणबत्त्या करणाऱ्या एका आंटींच्या स्वयंपाकघरात काय चालतं, ते बघू.

(दृश्य: गावठाणातलं घर. ओट्यावर वर्तमानपत्रं अंथरलेली. मेणाची लादी सुरीने फोडणारे हात)

ही पांढरी लादी पॅराफिन मेणाची. मधमाशीशी तिचा संबंध नाही, ती आली खनिज तेलातून. वंगणाचं तेल गार केलं की त्यातलं मेण स्फटिक होऊन वेगळं पडतं, ते गाळून शुद्ध करतात. आपल्या देशात हे काम मुख्यतः आसामात चालतं. दिग्बोईचा तेलशुद्धीकरण कारखाना १९०१पासूनचा, आणि नुमालीगडला २०१५मध्ये मेणाचा मोठा विभाग सुरू झाला. म्हणजे बांद्र्याच्या नवसाचा कच्चा माल बऱ्याचदा ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला असतो.

दुकानदार लादी देताना ‘अठ्ठावन्न-साठ’ म्हणतो. तो भाव नाही, मेण वितळण्याचं तापमान आहे, अंश सेल्सियसमध्ये. मेणबत्तीला हे बरं. याहून मऊ मेण घेतलं तर एप्रिल-मेच्या उकाड्यात उभी बत्ती कमरेत वाकते.

(दृश्य: मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं छोटं पातेलं)

मेण थेट आचेवर ठेवायचं नाही. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, म्हणून पाण्यातलं मेणही त्यापुढे तापत नाही. थेट आचेवर मात्र ते गुपचूप तापत राहतं. उकळी नाही, बुडबुडा नाही, काही इशाराच नाही. दोनशे अंशांच्या पुढे गेलं की वाफा सुटतात आणि त्या पेट घेतात. तसं झालंच तर गॅस बंद करायचा आणि झाकण ठेवायचं. पाणी ओतायचं नाही. पाणी मेणाहून जड, ते तळाशी जातं, तिथे त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण छतापर्यंत उडतं.

आता पातेल्यात नीट बघा. फोडलेले तुकडे तळाशी बसलेत. पेल्यातला बर्फ पाण्यावर तरंगतो, इथे घट्ट मेण पातळ मेणात बुडतं. घट्ट होताना पाणी फुगतं, मेण आकसतं. मेणबत्ती करणाऱ्याची निम्मी डोकेदुखी या एवढ्याशा गोष्टीत आहे. वितळवणं कुणालाही जमतं. कस लागतो तो थिजताना.

(दृश्य: ॲल्युमिनियमचे साचे, त्यातून ओवलेली वात)

त्याआधी वातीबद्दल दोन शब्द. देवापुढच्या निरांजनातली कापसाची वात इथे चालत नाही. इथे सुताची विणलेली वात लागते. १८२५च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरे नावाच्या माणसाने ही वेणी शोधली. त्याआधी बत्ती जळत असताना काजळलेली वात सारखी कात्रीने छाटावी लागे. विणलेली वात जळताना आपोआप एका बाजूला वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला येतं आणि तिथे जळून राख होतं. कात्री संपली. मेणबत्तीच्या इतिहासात मला सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच वाटते, आणि तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

वात जाड झाली तर ज्योत धुरकट होते, बारीक झाली तर स्वतःच्याच मेणात बुडून विझते. म्हणून साच्याच्या रुंदीप्रमाणे वात निवडायची, आधी पातळ मेणात बुडवून ताठ करायची, तळाच्या भोकातून ओवून वर काडीला बांधायची.

(दृश्य: मेण ओतताना)

ओतायचं साधारण पंचाहत्तर-ऐंशी अंशांना. गार मेण ओतलं तर बत्तीवर आडवे पट्टे उमटतात. धार साच्याच्या कडेने, बारीक, न तोडता. मग साच्याला बाहेरून हलक्या टिचक्या मारायच्या, अडकलेली हवा वर येते.

आणि पंखा बंद. सप्टेंबरच्या मुंबईत, शेगडीशेजारी. पंख्याचा वारा एका बाजूला लागला तर तीच बाजू आधी थिजते आणि बत्ती तिकडे ओढली जाते. आंटी घाम पुसतात, पण बटणाला हात लावत नाहीत. भाचीने साचा उचलून आत डोकावायचा प्रयत्न केला, तेवढ्यात आवाज येतो, “थांब गो, हालवू नको!”

(दृश्य: साच्याचं तोंड जवळून. मधोमध खड्डा पडतोय)

आत काय चाललंय? मेणाचे रेणू म्हणजे कार्बनच्या लांब, सरळ साखळ्या. पातळ असताना त्या अस्ताव्यस्त हालत असतात. थंड होताना एकमेकींना खेटून रांगा लावतात, म्हणून जागा कमी लागते. आकारमान दहा-पंधरा टक्क्यांनी घटतं. धातूचा साचा आधी बाहेरून निवतो, त्यामुळे कडेचं मेण घट्ट होतं आणि मधलं शेवटपर्यंत पातळ राहतं. तेही आकसायला लागतं तेव्हा त्याला जागा भरून द्यायला कुणी उरलेलं नसतं. वातीभोवती पोकळी होते. वरून साय धरलेली दिसते, आत भगदाड. अशी बत्ती पेटवली की अर्ध्या वाटेत ज्योत खड्ड्यात पडते.

उपाय सुईचा. वर साय धरली, पण बोटाने दाबलं तर अजून मऊ लागते, अशा वेळी विणकामाच्या सुईने वातीच्या आजूबाजूला भोकं पाडायची आणि पुन्हा मेण ओतायचं. हे दुसरं मेण पहिल्यापेक्षा थोडं जास्त गरम हवं, म्हणजे ते आधीच्याशी जोडलं जातं. पहिल्या पातळीच्या वर मात्र जाऊ द्यायचं नाही. गेलं तर ते साचा आणि बत्तीमधल्या फटीत झिरपतं आणि बत्ती साच्यात अडकून बसते. मोठ्या साच्याला हा कार्यक्रम दोन-तीनदा करावा लागतो. कधी करायचा, ते घड्याळ सांगत नाही. पाऊस असेल तर वेळ वेगळा, ऊन असेल तर वेगळा.

गंमत अशी की हेच आकसणं नसतं तर बत्ती साच्यातून निघालीच नसती. ती कडा सोडते ती आकसते म्हणूनच. काही जण त्यासाठी मेणात थोडं स्टिअरिक ॲसिड घालतात. बत्ती कडक होते, दुधाळ दिसते आणि चटकन सुटते.

घाईने साचा फ्रिजमध्ये ठेवला तर बत्ती तडकते. एवढं सांगूनही लोक ठेवतात.

(दृश्य: दोन अर्धांचा साचा, रबराने घट्ट बांधलेला)

पोकळ आकृतीला मात्र उलटी युक्ती. साचा भरायचा, भिंतीला मेणाचा जाड थर धरेपर्यंत थांबायचं आणि मधलं पातळ मेण परत पातेल्यात ओतून टाकायचं. मेण कमी लागतं, आणि मधे पातळ मेण उरतच नाही, तेव्हा खड्ड्याचा प्रश्नही येत नाही. लवकर ओतलं तर बोटं तुटकी निघतात, उशीर झाला तर ओतायला काही राहत नाही.

रंगाचं थोडक्यात: तेलात विरघळणारा रंगच मेणात मिसळतो. केकमध्ये घालायचा पाण्यातला रंग तळाशी थेंब होऊन बसतो, आणि मुलांचे मेणखडू वितळवले तर वातीची छिद्रं बुजतात. सुगंधाच्या नादी आंटी लागत नाहीत. चर्चमध्ये पेटवायच्या बत्तीला व्हॅनिलाचा वास कशाला, हा त्यांचा प्रश्न मला बिनतोड वाटला.

(दृश्य: आवराआवर. गरम पातेलं वर्तमानपत्राने पुसताना)

पातेलं गरम असतानाच कागदाने पुसून घ्यायचं. मोरीत मेण ओतलं तर पुढच्या वळणावर ते थिजतं आणि प्लंबर बोलवावा लागतो. फुटके पाय, वाकडी घरं आणि सांडलेले थेंब खरवडून एका डब्यात जातात. सगळे रंग एकत्र आले की मेण तपकिरी होतं. त्याच्याही मेणबत्त्या होतात, पण त्या जत्रेला जात नाहीत. कपाटात राहतात, पावसात वीज गेली की उपयोगी पडायला.