शीड आहे, मग बॅटरी कशाला?

[दृश्य: पहाट. देवगड बंदर. ट्रॉलर धक्क्याला लागताहेत, मासळीचे क्रेट उतरताहेत. थोडं लांब, नांगरावर डुलणारी ३६ फुटी पांढरी शिडाची बोट.]

“शीड आसा मां तुमचा? मगे बॅटरी कित्याक व्हयी?”

देवगडच्या धक्क्यावर एका तांडेलांनी, म्हणजे ट्रॉलरच्या कप्तानांनी, मला हे विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्रभर सुकाणू धरून हात भरून आले होते आणि डोळे मिठानं चुरचुरत होते.

मुंबईहून गोव्याला निघून आमची ती दुसरी रात्र. विजयदुर्ग मागे पडलं होतं, मतलई वारा नुकताच सुटला होता. दोनच्या सुमारास ऑटोपायलटनं एक बारीक शिट्टी मारली आणि सुकाणू सोडून दिलं. बोट वाऱ्यात तोंड घालून उभी राहिली, शिडं फडफडू लागली. पाठोपाठ नकाशाचा पडदा काळा झाला, मग डोलकाठीच्या टोकावरचा दिवा पिवळट होत विझला. आजूबाजूला ट्रॉलरचे दिवे, मधे जाळी, आणि आम्ही अंधारात. पत्नीनं विजेरी शिडावर मारून धरली, निदान कोणाला तरी दिसावं म्हणून. उजाडेपर्यंत ती तशीच बसली होती.

व्होल्टमीटर दाखवत होता ११.४. बारा व्होल्टच्या बॅटरीला हे म्हणजे रिकामं पोट.

[दृश्य: ट्रॉलरचं इंजिनघर. धडधडतं इंजिन, बाजूला एक मळकी बॅटरी.]

तांडेलांचा प्रश्न वरवर भाबडा वाटतो, पण खरा मुद्दा त्यातच आहे. त्यांच्या ट्रॉलरचं इंजिन रात्रभर चालू असतं. इंजिनावर अल्टरनेटर, आणि तो बॅटरी सतत भरत असतो. ती बॅटरी उतरायला सवडच मिळत नाही. शिडाच्या बोटीची मजा इंजिन बंद झाल्यावर सुरू होते, आणि नेमकी तेव्हाच विजेची कमाई थांबते. खर्च मात्र चालू: फ्रिज, दिवे, रेडिओ, ऑटोपायलट. म्हणून अशा बोटीवर दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात. एक इंजिन स्टार्ट करायची, तिला हात लावायचा नाही. दुसरी घरखर्चाची. आमची बसली ती ही दुसरी.

बसली म्हणण्यापेक्षा आम्ही ती बसवली. बोट घेतल्यावर मी शहरातल्या दुकानातून १५० एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या आणल्या होत्या. भारनियमनाच्या दिवसांत घरोघरी इन्व्हर्टरखाली असायच्या, त्याच उंच, निळ्या-पांढऱ्या. स्वस्त, ओळखीच्या, टिकाऊ. घरात त्या खरंच टिकतात. पण घर वीस अंशांत कलत नाही. बोट कलली की झाकणाच्या भोकांतून अॅसिड झिरपायचं आणि खालच्या लाकडावर पांढरे ओघळ उठायचे. दोघींचं मिळून वजन शंभर किलोच्या वर.

तरीही ती मोठी चूक नव्हती. मोठी चूक हिशेबात होती.

[दृश्य: वहीचं पान. पेनानं लिहिलेले आकडे.]

देवगडला दोन दिवस थांबलो. तिथं पहिल्यांदा वही काढली. आधी खर्चाची बाजू, चोवीस तास समुद्रात असताना. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असला की साडेचार अँपिअर खातो, आणि कोकणातल्या उकाड्यात दिवसाचे तेरा तास चालतो, म्हणजे जवळपास ६० एएच. ऑटोपायलट सरासरी ३ अँपिअर, दिवसरात्र, म्हणजे ७२. नकाशाचा पडदा आणि खोली-वारा दाखवणारी यंत्रं, ३६. रेडिओ आणि आजूबाजूची जहाजं दाखवणारं एआयएस, १५. पंखे, दिवे, मोबाइल, पाण्याचा पंप, सगळं किरकोळ धरून २९. बेरीज २१२.

जमा बाजूला १०० वॅटचं एक सोलर पॅनेल. दिवसाला फार तर ३० एएच.

मी तोवर समजत होतो की माझ्या पदरी ३०० एएच आहेत. नव्हते. लेड-अॅसिड बॅटरी, म्हणजे आमच्या ट्यूब्युलरची जात, निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. म्हणजे उरले १५०. आणि वरचा भाग? तिथं खरी गोम आहे. रिकामी बॅटरी इंजिनावर भरताना आधी भराभर वीज घेते. ८० टक्क्यांच्या पुढे ती हट्टी होते. ६० अँपिअर देणारा अल्टरनेटर दारात उभा असतो, ती घेते पंधरा, मग दहा, मग सहा. शेवटचे वीस टक्के भरायला चार-पाच तास लागतात. तेवढा वेळ केवळ बॅटरीसाठी डिझेल कोण जाळतो? म्हणून प्रवासात तिची ये-जा पन्नास ते ऐंशीच्या मधे. ३०० च्या डब्यात हाताशी ९०. समुद्रावरचा अर्धा दिवससुद्धा नाही.

बरं, तो वरचा भाग भरला नाही म्हणून ती गप्प बसते असंही नाही. उतरताना प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. पुरेपूर चार्जिंग झालं तर ते विरघळतं. अर्धवट भरून तशीच ठेवली तर त्याचे कडक खडे होतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी. बहुतेक लेड बॅटऱ्या वापरून मरत नाहीत, अर्धपोटी राहून मरतात. आमच्या तर मुंबईहून निघतानाच आजारी होत्या. मीटर १३ च्या वर दाखवत होता म्हणून मी खूश होतो. इंजिन नुकतंच बंद केल्यावरचा तो आकडा म्हणजे वरवरची सूज. बॅटरीला काही तास निवांत ठेवून मोजलं तर खरं कळतं: १२.७ म्हणजे पूर्ण, १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी.

[दृश्य: जुनं छायाचित्र: दोन डोलकाठ्यांची सागवानी बोट.]

विजेवरचा ऑटोपायलट नसतानाही लोक पृथ्वीभोवती गेलेत, हे इथं आठवतंच. ‘सुहेली’ मुंबईत बांधलेली, सागवानाची, ३२ फुटी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१३ दिवसांत, एकट्यानं, कुठंही न थांबता तिच्यातून प्रदक्षिणा पूर्ण केली. तसं करणारे ते पहिले. सुकाणू धरायला वाऱ्यावर चालणारं यांत्रिक पातं होतं, तेही वाटेत निकामी झालं. आणि बॅटऱ्या तपासताना अॅसिड डोळ्यात उडाल्यानं परत फिरावं का, असा विचारही त्यांना करावा लागला होता. उघड्या अॅसिडच्या बॅटरीबद्दल माझं मत तिथंच पक्कं झालं. शिवाय समुद्राचं पाणी अशा बॅटरीत शिरलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद केबिनमध्ये.

ते वाऱ्याचं पातं आजही मिळतं, आणि ऑटोपायलटचे आमचे ७२ एएच एका फटक्यात शून्यावर आणेल. आमच्या बोटीच्या मागच्या बाजूला ते बसवायला जागा नाही. असती तर ही फिल्म इथंच संपली असती.

[दृश्य: केबिनमधल्या बाकाखालची जागा. चार निळे चौकोनी सेल, तांब्याच्या पट्ट्या.]

पर्याय तीन होते. जेल आणि एजीएम ही लेडचीच सुधारलेली भावंडं. सांडत नाहीत, पाणी घालावं लागत नाही, एजीएम थोडं जलद भरतं. पण अर्धपोटी राहण्याचा आजार तोच. वर्षभर धक्क्याच्या विजेवर असणाऱ्या, रविवारी फेरी मारणाऱ्या बोटीला एजीएम उत्तम, आणि त्यांनी पुढचं ऐकलं नाही तरी चालेल.

तिसरा पर्याय लिथियम. नाव काढताच घरून फोन आला. २०२२ मध्ये पुण्यात भर रस्त्यात इ-स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ आईनं पाहिला होता. “तसली बॅटरी घेऊन तू झोपणार का रे समुद्रात?”

प्रश्न रास्त होता. पण लिथियम हे आडनाव आहे, माणसं वेगवेगळी. बोटीवर वापरतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून तो शोधनिबंध आला. लेखकांत अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि पुढे नोबेल मिळालेले जॉन गुडइनफ. या रसायनात ऑक्सिजन फॉस्फेटमध्ये घट्ट बांधलेला असतो, तापलं तरी सहज सुटत नाही, त्यामुळे आगीला आतून खतपाणी मिळत नाही. धोका शून्य नाही. शॉर्टसर्किट झालं तर ही बॅटरी हजारो अँपिअर ओतते. म्हणून प्लस टर्मिनलला चिकटूनच क्लास-टी फ्यूज, एवढा प्रवाहही तोडू शकणारा. काम करताना हातातली अंगठी काढायची, पान्याला टेप गुंडाळायचा.

आम्ही ३.२ व्होल्टचे, २८० एएचचे चार सेल घेतले. चौघांचं वजन बावीस किलोच्या आसपास. पूर्वी शंभर किलो खाली वाहून हाताशी ९० एएच यायचे. आता ऐंशी टक्के बिनधास्त वापरले तरी २२४. शेवटपर्यंत वीज भराभर घेते, आणि अर्धवट भरून ठेवलं तर रुसत नाही, उलट ते तिला मानवतं.

[दृश्य: इंजिनघर. अल्टरनेटरवर रोखलेला थर्मामीटर.]

“जुनी काढा, नवी लावा, झालं,” असं दुकानात सांगतात. झालं नाही. लेड बॅटरी हळूहळू हात आखडता घेते, त्यामुळे अल्टरनेटरला दम खायला मिळतो. लिथियम मागतच राहते. पहिल्या दिवशी इंजिन सावकाश चालवत ठेवलं. आवाज कमी म्हणजे भार कमी, हा माझा समज. उलट कमी वेगात अल्टरनेटरचा पंखा मंद फिरतो. वीस मिनिटांत वॉर्निशचा वास आला. थर्मामीटर रोखला तर ११० अंश.

दुसरा फटका याहून वाईट बसू शकतो. सेलांवर एक राखणदार असतो, बीएमएस. काही बिघडलं की तो बॅटरी तडक तोडतो. अल्टरनेटर जोरात वीज देत असताना समोरची बॅटरी अचानक नाहीशी झाली तर व्होल्टेज उसळी मारतं आणि त्याचे डायोड जळतात, कधी जवळची यंत्रंही.

उपाय साधा निघाला. अल्टरनेटरला लेडची स्टार्टर बॅटरीच ठेवली. तिच्यापासून घरखर्चाच्या बॅटरीपर्यंत ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर, एकीतून दुसरीत बेतानं वीज सोडणारा. अल्टरनेटरला म्हातारी लेडच दिसते, तोही शांत. ज्या बॅटरीला मी एवढी नावं ठेवली तिची एक जागा शाबूत राहिली, याचं मला बरंही वाटलं.

सोलर मात्र वाढवलं, आणि पैसे कमी असतील तर बॅटरीच्या आधी तेच वाढवा असं मी म्हणेन. मागच्या कमानीवर २०० वॅटची दोन पॅनेल, प्रत्येकाचा कंट्रोलर वेगळा. कारण शिडाच्या आडव्या दांड्याची हातभर सावली एका पॅनेलला जवळजवळ झोपवते. जानेवारीत दिवसाला साधारण १०० एएच मिळतात. नांगरावर असताना आमचा खर्च तेवढाच. समुद्रात ११२ ची तूट, म्हणजे इंजिनाला हात न लावता दोन दिवस. मुंबई ते गोवा, बरोबर तेवढंच.

[दृश्य: पावसाळा. ताडपत्री घातलेली, किनाऱ्यावर ओढलेली बोट.]

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद, आमचीही बोट वर. लेड असताना पावसाळाभर तिला चार्जरवर पूर्ण भरलेली ठेवावी लागायची. आता उलट: निम्मी भरून, सगळ्या तारा सोडून ठेवतो. या बॅटरीचं व्होल्टेज नव्वद टक्क्यांना आणि चाळीसला जवळजवळ सारखंच, त्यामुळे जुना व्होल्टमीटर इथं आंधळा. मायनसच्या तारेत शंट बसवलाय. गेलेला आणि आलेला प्रत्येक अँपिअर तो मोजतो. तोही हळूहळू चुकत जातो. महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण भरली की त्याला पुन्हा शंभरावर आणायचं.

[दृश्य: समुद्र, पहाट. दूरवर आग्वादचा डोंगर.]

यंदा पुन्हा तोच प्रवास. देवगडचं दीपगृह रात्री आठला आडवं आलं. शंटच्या मीटरवर ६६ टक्के. पत्नी खाली झोपली होती. मी उगाचच दर अर्ध्या तासानं मीटर बघत होतो.

आग्वादसमोर उजाडलं तेव्हा ३१. मांडवीत शिरून नांगर टाकला, ऑटोपायलट, पडदे, दिवे बंद केले. मीटरवरचा उणे ९ अँपिअरचा आकडा उणे ४ वर आला. फ्रिज तेवढा घरघरत होता. चहा झाला, सूर्य कमानीवर चढला. पावणेनऊला आकड्यामागची उण्याची खूण गेली.