एका पेशीत वीस केंद्रकं

[दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. यंत्रमाग चालू आहे. उन्हाच्या तिरिपेत तरंगणारे सुताचे बारीक तंतू.]

सोलापूरकराला सुताचं काय कौतुक! पूर्व भागातल्या गल्लीत शिरलं की आधी मागांचा खडखडाट कानावर येतो, घरं नंतर दिसतात. चादर, टॉवेल, अंगावरचा सदरा, सगळं सुताचंच. पण हाच धागा कातडीच्या आत राहून गेला तर?

[दृश्य: शहरातली एक पॅथॉलॉजी लॅब. काचपट्टी भिंगाखाली सरकते.]

ऑपरेशनच्या जुन्या व्रणाखाली आलेली ही एक टणक गाठ. ती काढून मेणात बसवली, तिचे जेमतेम चार मायक्रॉन जाडीचे काप घेतले आणि जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवले. आता ध्रुवित प्रकाशाचा फिल्टर फिरवूया. मागचं सगळं काळं पडतं आणि टाक्याच्या धाग्याचे तंतू लख्ख उजळतात.

फिल्टर काढला की दिसते त्या तंतूंना बिलगून बसलेली एक ऐसपैस गुलाबी पेशी. तिच्यातले जांभळे ठिपके म्हणजे केंद्रकं. मोजत राहा. पाच, नऊ, चौदा... आपल्या बहुतेक पेशींचं एका केंद्रकावर भागतं.

ही जन्मतः एवढी नव्हती. अनेक मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि कचरा गिळणाऱ्या आपल्या भक्षक पेशी, एकमेकींना चिकटल्या, मधली आवरणं विरघळून एक झाली आणि आतला ऐवज सामाईक झाला. केंद्रकं मात्र तेवढीच राहिली. डॉक्टर हिला जायंट सेल म्हणतात.

भक्षक पेशी परक्या वस्तूला घेरतात, हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी 1882 मध्ये इटलीतल्या मेसिना इथे पाहिलं. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी काटा खुपसून ठेवला होता. पुढे 1908 चं नोबेल त्यांना पॉल एर्लिक यांच्याबरोबर विभागून मिळालं.

धागा मात्र भक्षक पेशीपेक्षा कितीतरी लांब. गिळणार कसा? मग एकत्र झालेली पेशी त्याला घट्ट चिकटून बसते आणि मधल्या फटीत आम्ल आणि पाचक द्रव्यं सोडते. माणसाने मुद्दाम बसवलेल्या वस्तूंनाही ती सोडत नाही. पेसमेकरच्या तारेवरच्या पॉलियुरेथेनच्या आवरणाला तडे जाण्यामागे याच पेशींचा हात सापडला आहे.

[दृश्य: दुसरी काचपट्टी. मानेतल्या गाठीचा नमुना.]

आता क्षयाची गाठ. इथे केंद्रकं पेशीच्या कडेने, घोड्याच्या नालासारखी मांडलेली. थिओडोर लँगहान्स यांनी 1868 मध्ये या पेशींचं वर्णन केलं. क्षयाचा जंतू तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. रॉबर्ट कॉख यांनी तो जगापुढे आणला 1882 मध्ये. म्हणजे जंतू सापडायच्या चौदा वर्षं आधी त्याच्या पाऊलखुणा सापडल्या होत्या.

एवढी मोठी पेशी जंतूंचा फडशा पाडत असेल, असं कुणालाही वाटेल. प्रयोगशाळेत उलटंच दिसलं. खूप केंद्रकं झालेल्या लँगहान्स पेशी नवे जंतू गिळेनाशा होतात. जंतूचे तुकडे टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवण्याचं काम मात्र त्यांना जमतं. खादाडपणा गेला, खबर देणं राहिलं.

आणि हो, रिपोर्टमध्ये ‘जायंट सेल’ वाचून लगेच क्षय धरून चालू नका. इतर आजारांतही त्या दिसतात. क्षयाच्या निदानासाठी जंतूची वेगळी तपासणी लागते.

[दृश्य: हाडाचा काप. खाचेत बसलेली पेशी.]

इथवर सगळा मामला दुखण्याचा. पण निरोगी माणसाच्या अंगातही अशाच पेशी रोज कामावर असतात, हाडांत. यांचं नाव ऑस्टिओक्लास्ट. मूळ घराणं तेच, मॅक्रोफेजचं. रँकल नावाचा संदेश मिळाला की पूर्वज पेशी एकत्र येतात. तयार झालेली पेशी हाडावर कडेने पक्की बसते, जणू झाकण लावते, आणि खालच्या बंद जागेत आम्ल सोडते. आम्लाने कॅल्शियमचे क्षार विरघळतात, मग कॅथेप्सिन-के हे विकर उरलेलं कोलॅजेन, म्हणजे हाडातलं तंतुमय प्रथिन, तोडतं. मागे खाच राहते आणि ती भरायला हाड बांधणाऱ्या पेशी येतात. प्रौढ माणसाचा दरवर्षी साधारण दहा टक्के सांगाडा असा नवा होतो.

या पेशी निकामी असल्या की हाडं दगडासारखी दाट होतात आणि तरीही मोडतात. अतिकामसू झाल्या की हाडं ठिसूळ होतात.

धाग्याजवळची पेशी आणि हाडातली पेशी, दोघींचं जुळणं डीसी-स्टॅम्प या एकाच प्रथिनावर अवलंबून असतं. ते नसलेल्या उंदरांत 2005 मध्ये दोन्हींचं एकत्र येणं थांबलेलं दिसलं.

तरी मला सगळ्यात नवल वाटतं ते 2021 च्या शोधाचं. ऑस्टिओक्लास्ट काम झाल्यावर मरतातच असं नाही. त्या फुटून लहान लहान पेशी होतात आणि गरज पडली की पुन्हा जुळतात. या लहान पेशींना ऑस्टिओमॉर्फ म्हणतात.

याचा संबंध आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी येतो. ठिसूळ हाडांसाठी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन देतात. ते रँकल अडवतं. इंजेक्शन बंद केलं की हाडाची झीज एकदम उसळते, काहींचे मणके मोडतात. थबकून राहिलेल्या ऑस्टिओमॉर्फ तेव्हा एकदम जुळत असाव्यात, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणून डॉक्टर ते थांबवताना बहुधा दुसरं औषध सुरू करतात. तारीख हुकवू नका, मनाने बंद तर नकोच.