झोर्की ४ : लेन्स विकली, बॉडीचं काय?

टेबलावर ठेवलाय तो झोर्की ४, जुना सोव्हिएत फिल्म कॅमेरा. १९५६ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात लाखोंनी बनला, आणि आता लोक तो घेतात तेही बऱ्याचदा पुढच्या ज्युपिटर ८ लेन्ससाठी.

आता लेन्स काढू. फिरवा, सुटते. ३९ मिलिमीटरचे आटे, जुन्या लायका या जर्मन कॅमेऱ्याचेच, कारण पहिला झोर्कीच मुळात लायका २ वरून उचललेला. लेन्सची रचना मात्र झाइस या जर्मन कंपनीच्या सोनार लेन्सची, म्हणजे एका जर्मनाचं शरीर आणि दुसऱ्या जर्मनाचा डोळा, जुळवलं रशियनांनी!

बॉडीच्या तोंडात वर बघा, हा छोटासा दांडा. फोकस करताना लेन्सची मागची कड याला ढकलते. आम्ही बोटाने हळूच दाबतोय आणि व्ह्यूफाइंडरमध्ये बघा काय होतंय, खिडकीचा एकच गज दोन दिसतोय, दाबत गेलं की सरकत सरकत एकावर एक बसतो. बसला की फोकस झाला. बॅटरी नाही, लेन्सच्या मागे आरसा नाही, नुसता दांडा आणि काच. आरसा नसल्यामुळे बटण दाबतानाही समोरचं दिसायचं बंद होत नाही, आणि आवाज ऐका... एवढाच.

आता ज्युपिटर १२, ३५ मिलिमीटरची. हिला उलटी करून बघा, मागची काच केवढी बाहेर आलीय! लावली की पार आत, शटरच्या पडद्याजवळ जाऊन बसते. आरशाच्या कॅमेऱ्यात, म्हणजे एसएलआरमध्ये, हे जमलंच नसतं. पण झोर्कीचा व्ह्यूफाइंडर ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठीच, म्हणून वर हा वेगळा फाइंडर चढवायचा, फिरवून २८, ३५, ५०, ८५, १३५ यातलं हवं ते घ्यायचं. जरा गंमतच वाटते, फोकस एका भोकातून, फ्रेम दुसऱ्यातून.

आणि हे नीट बघा. आधी नॉब पूर्ण फिरवून शटर भरायचं, म्हणजे त्याची स्प्रिंग ताणायची, मगच शटरचा स्पीड बदलायचा. उलटं केलंत तर आतली यंत्रणा बिघडू शकते, आणि हे माहीत नसल्यामुळेच किती चांगले कॅमेरे "बिघडलेले" म्हणून विकले जातात.

लेन्स अ‍ॅडाप्टर लावून मिररलेसवर, म्हणजे आजच्या बिनआरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर जातात, बॉड्या भंगारात किंवा स्पेअरला. असो.

चालू असलेला मिळाला तर रोल टाका. फक्त उन्हात फिरताना लेन्सवर टोपी ठेवा, पडदा कापडी आहे, मध्ये आरसा नाही, सूर्य थेट पडला तर भोक पडतं.