सगळे पाटील एकाच खात्यावर

नमस्कार मंडळी, जेवणं झाली न्हवं? आज जरा एक्सेलचं बोलूया. आयटीवाल्यांचं नाही, आपल्या मार्केट यार्डातलं. माझ्या मामांचं गुळाचं अडत दुकान हाय, दिवाळी पाडव्याला सौदे सुरू झाले की रोज शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीची बिलं, काढायच्या, रवे म्हणजे गुळाच्या ढेपा किती आल्या, वजन किती, दर काय लागला, हमाली-तोलाई जाऊन हातात किती, आणि हे सगळं संध्याकाळी कॉम्प्युटरवर बडवत कोण बसणार तर मी.

मागच्या सीझनला म्हटलं, एवढं एआय एआय चाललंय, बघूया तरी. एक्सेलमध्ये कोपायलट हाय, गुगल शीटमध्ये जेमिनाय हाय, मी आपलं साधं चॅटजीपीटी घेतलं, आणि हो, मराठीतच विचारलं, त्याला समजतं. पण पहिल्याच दिवशी येडेपणा केला. रकमांचा अख्खा कॉलम चिकटवला आणि म्हटलं बेरीज सांग. झटक्यात आकडा आला की! मामांनी कॅल्क्युलेटरवर मारली तर 1900 रुपयांचा फरक. त्याचं काय हाय, हे मॉडेल एकापुढं एक शब्द जुळवत जातं, आकडापण तसाच अंदाजानं जुळवू शकतं, आणि सांगताना असं ठामपणे सांगतं की आपल्यालाच वाटावं, आपलंच चुकलं. तवापासनं मी उत्तर मागतच नाही, फॉर्म्युला मागतो. 'बी कॉलममध्ये नाव हाय, एफमध्ये रक्कम, एका माणसाची बेरीज पायजे' म्हटलं की सम-इफ लिहून देतं, बेरीज मग एक्सेल करतं. ते 1985 पासून हेच करतंय, करू दे त्याला.

आता पुढची गंमत ऐका. दुसऱ्या शीटवरनं खाते नंबर आणायचा होता, तर त्यानं व्हीलुकअप हा शोधून आणणारा फॉर्म्युला दिला, आणि मी शोधायला दिलं आडनाव. कोल्हापुरात आडनाव! व्हीलुकअपला वरनं खाली जाताना जो पहिला सापडतो तोच तो उचलतो, म्हणजे यादीतल्या सगळ्या पाटलांच्या पुढं एकाच पाटलाचा खाते नंबर. पैसे सोडायच्या आधी दिसलं म्हणून वाचलो, नाहीतर मामांनी मला रव्याबरोबर तागडीत बसवलं असतं. चूक एआयची म्हणायची का? मला नाही वाटत. आमच्याकडं किती पाटील हायत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता प्रत्येकाला वेगळा कोड दिलाय.

तारखांचं पण तसंच. 5 नोव्हेंबर म्हणून 05/11 टाकलं तर कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर असला की त्याचा 11 मे होतो, आणि 13 तारखेपासनं पुढचं तर तारीख न राहता नुसती अक्षरं होऊन बसतं. ओळखायची खूण एआयनंच सांगितली, झ्याक हाय: खरी तारीख आत आकडाच असती म्हणून आपोआप उजवीकडं चिकटती, अक्षरं डावीकडं. कॉलमवर नुसती नजर टाकायची.

आणि एक, शेतकऱ्यांची खरी नावं, मोबाईल, खाते नंबर तिथं चिकटवू नका हां. खोट्या 4 ओळी दिल्या तरी फॉर्म्युला तोच येतो, माझ्या त्या 4 ओळीत अ, ब, क आणि ड पाटील हायत.

पट्ट्या आता अर्ध्या तासात होतात. मामा तरी रोज त्यातली एक मधनंच उचलतात, पेनानं पाठीमागं हिशोब करतात, जुळला की मगच म्हणतात, 'हां, काढ प्रिंट.'