आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

(श्टुटगार्टमधल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, मघाशी चहाच्या वेळी तिघांनी मला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला: जुनी पोर्शे घ्यावी का? त्याचं उत्तर ज्यानं त्यानं घरी विचारून घ्यावं. मी आज एवढंच सांगणार आहे, की घेतल्यानंतर एखाद्या रविवारी सकाळी, ऊन पडलेलं असताना आणि शेजारी खिडकीतून बघत असताना, ती सुरूच झाली नाही तर काय करायचं.

उदाहरणाला पोर्शेची ९४४ घेतो. १९८२ ते १९९१ या काळात बनलेली, इंजिन पुढं आणि गिअरबॉक्स मागं असलेली, चार सिलिंडरची गाडी. दीड लाखाहून जास्त बनल्या, म्हणून अजून मिळतात. बहुतेक इथून तासाभरावर, नेकारझुल्मच्या आउडी कारखान्यात जुळवल्या गेल्या. आता सगळ्याच तिशी ओलांडून गेल्यात, त्यामुळं नीट राखलेल्या गाडीला ‘एच’ची, म्हणजे जर्मनीत ऐतिहासिक गाड्यांना देतात ती नंबरप्लेट मिळू शकते आणि मालक लगेच संग्रहालयाचा विश्वस्त असल्यासारखा बोलायला लागतो. मीही त्यातलाच.

ही गाडी निवडायचं खरं कारण वेगळं आहे. हिच्यात बॉशची मोट्रॉनिक प्रणाली आहे. ती पहिल्यांदा १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७३२आय या गाडीत आली. त्याआधी ठिणगीचं खातं वेगळं आणि पेट्रोलचं वेगळं असायचं. मोट्रॉनिकनं दोन्ही एकाच कंप्युटरच्या हातात दिली. सोय मोठी झाली, पण रोगनिदान अवघड झालं. पेट्रोल येत नाही म्हणून तुम्ही पंप बदलता आणि बिघाड निघतो इंजिनाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरमध्ये. कारण इंजिन फिरतंय अशी खबर कंप्युटरला मिळाल्याशिवाय तो पंपाला करंटच सोडत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

माझी गाडी मला अशीच मिळाली. एका गावात, धान्याच्या कोठारात तीन वर्षं उभी होती. विकणारा भला माणूस होता. त्यानं बिलांची फाइल दाखवली: ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल नवी, ते एकेका सिलिंडरला वाटणारा रोटर आणि त्यावरची डिस्ट्रिब्युटर कॅप नवे, स्पार्क प्लग नवे, वायरी नव्या, दोन्ही सेन्सर नवे. काढलेले जुने भाग त्यानं एका खोक्यात जपून ठेवले होते. एवढं करूनही गाडी कधी सुरू व्हायची, कधी नाही. शेवटी तो वैतागला आणि मला ती स्वस्तात पडली. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण लहानपणापासून ऐकत होतो. इथं एकामागून एक पाच-सहा संन्यासी फासावर गेले होते.

मी शिकलो कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली, दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या. त्यांच्याकडं मीटर नव्हता. होता एक बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा, दुसरीला टोकदार सळई. मी तेव्हा डिप्लोमाला होतो, मला त्या बल्बची लाज वाटायची. मी बाबांकडून पैसे घेऊन डिजिटल मीटर आणला आणि एका गाडीवर ऐटीत सांगितलं, “इथं बारा व्होल्ट आहेत, वायर चांगली आहे.” त्यांनी बल्ब लावला. पेटलाच नाही. म्हणाले, “तुझे बारा व्होल्ट कागदावरचे आहेत.”

यातलं शास्त्र मला पुढं कळलं. मीटर जवळपास करंट ओढतच नाही. वायर आतून कुजून तिची एकच तार उरली असली, तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. सोसायटीच्या नळाचं घ्या. पाइपात गाळ साचलाय, नळ बंद आहे, तोवर दाब पूर्ण असतो. नळ सोडला की करंगळीएवढी धार. बल्ब म्हणजे नळ सोडून बघणं. (मात्र तो बल्ब कंप्युटरच्या किंवा सेन्सरच्या वायरींना लावू नका. तिथला करंट नाजूक असतो, बल्ब त्याला झेपत नाही. तिथं मीटरच.)

आकडा सांगतो म्हणजे पटेल. सेल्फ मारताना स्टार्टर दीडशे अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. अर्थच्या पट्टीला, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू गाडीच्या धातूला जोडणाऱ्या पट्टीला, गंज चढून तिथं ०.०५ ओहमचा विरोध तयार झाला, तर साध्या मीटरवर तो शून्यासारखाच दिसतो. दीडशे गुणिले ०.०५ म्हणजे साडेसात व्होल्ट. बारातले साडेसात त्या गंजातच खर्ची पडणार! प्रत्यक्षात तेवढा करंट वाहूच शकत नाही, स्टार्टर फक्त ‘टक्’ करतो आणि आपण नवी बॅटरी आणायला निघतो. म्हणून अर्थ तपासायची ती सेल्फ मारत असताना. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या धातूवर. पाव-अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला, तर पट्टी काढा, घासा, परत घट्ट बसवा. जुन्या गाडीच्या निम्म्या तक्रारी इथंच संपतात असं माझं मत आहे. ‘निम्म्या’ हा शब्द मोजून वापरलेला नाही, अनुभवानं वापरलाय.

बॅटरीसाठी दोनच आकडे लक्षात ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. आणि गाडी आठवडाभर उभी राहून बॅटरी बसत असेल, तर सगळं बंद करून निगेटिव्ह वायरीत अँपिअर मोजा. ०.३ अँपिअरची गळती म्हणजे काय मोठं, असं वाटतं. पण ४५ अँपिअर-अवरची बॅटरी तेवढ्यानं दीडशे तासांत, म्हणजे सहा-सात दिवसांत रिकामी होते. डिकीतला दिवा विझतोय का, ते आधी बघा. झाकण लावल्यावर दिसत नाही म्हणून मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून आत ठेवा.

आता सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन पेट घेत नाही, ही अवस्था. ९४४ च्या बाबतीत इथं एक पथ्य पाळा: पुन्हा सेल्फ मारण्याआधी टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅमशाफ्टला फिरवणारा पट्टा, शाबूत आहे का ते बघा. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि तुम्ही सेल्फ मारत राहिलात की आणखी आदळतात. बघायची युक्ती सोपी आहे. या गाडीत रोटर थेट कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकाला बसवलेला आहे. कॅप काढा आणि पाना लावून इंजिन हातानं थोडं फिरवा. रोटर फिरला तर बेल्ट जागेवर आहे. नाही फिरला तर आजचं व्याख्यान तुमच्या कामाचं नाही, तुमचा प्रश्न इलेक्ट्रिकचा नाहीच.

रोटर फिरला. मग सेल्फ मारताना टॅकोमीटरच्या, म्हणजे इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या काट्याकडं बघा. त्याला येणारी खबर इग्निशनच्या ठोक्यांवरूनच येते. काटा जरा फडफडला, तर कंप्युटर जागा आहे आणि कॉइलला हुकूम देतोय. काटा मेल्यासारखा पडून राहिला, तर दोन संशयित: एक तर कंप्युटरला करंट नाही, किंवा फ्लायव्हीलजवळचे, म्हणजे इंजिनामागच्या दातेरी चाकाजवळचे सेन्सर गप्प आहेत. हे सेन्सर दोन आहेत. एक दात मोजतो, दुसरा दर फेऱ्याला एक खूण टिपतो. इंजिनाच्या मागच्या बाजूला, उष्णतेत असल्यानं त्यांच्या वायरी जोडणारे प्लग बिस्किटासारखे ठिसूळ होतात. आणि दोन्ही प्लग दिसायला सारखे, त्यामुळं काम करताना अदलाबदल झाली की चालू गाडीही सुरू होत नाही. सेन्सरच्या दोन पिनांमध्ये सुमारे एक हजार ओहम यायला हवेत. फ्लायव्हीलपासूनचं अंतर ०.८ मिलिमीटर.

करंटची बाजू तपासताना रिलेवरचे, म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या चुंबकी स्विचवरचे आकडे कामाला येतात. जर्मन डीआयएन मानकातले हे आकडे आहेत. ३० म्हणजे थेट बॅटरी, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर मिळणारा करंट, ३१ अर्थ, ५० स्टार्टर, १ कॉइलची निगेटिव्ह बाजू. रिलेत ८५-८६ ची जोडी आतल्या चुंबकाची, ८७ वरून करंट बाहेर. सुट्टीत गावी गेलात की एखाद्या रिलेचा तळ उलटा करून बघा, ३०, ८५, ८६, ८७ तिथंही लिहिलेलं सापडेल. ९४४ मध्ये कंप्युटर आणि पेट्रोल पंप दोघांना करंट देणारा एकच रिले आहे, आणि वयानुसार त्याच्या आतलं सोल्डर तडकतं. गार असताना चालतो, तापला की सोडतो, वीस मिनिटांनी परत चालतो. हा रिले मालक मंडळी ग्लव्ह बॉक्समध्ये जादाचा ठेवतात. मीही ठेवतो, पण तो सगळ्या दुखण्यावरचा उतारा नाही.

*एका श्रोत्यानं विचारलं: प्लगची वायर काढून हातात धरून ठिणगी बघतात, तसं चालेल का?*

आमच्या उद्यमनगरात धरायचे. (हशा) करू नका. ठिणगी करंट सोडल्यावर पडत नाही, करंट तोडल्यावर पडते. कॉइलच्या जाड वेटोळ्यातला करंट एकदम थांबला की बारीक वेटोळ्यात वीस-पंचवीस हजार व्होल्ट उसळतात. त्यांना वाट मिळाली नाही, तर ते वाट शोधतात, तुमच्यातून नाहीतर कॉइलच्या इन्सुलेशनमधून. ठिणगी तपासायचा टेस्टर किरकोळ किमतीत मिळतो, तो घ्या. याच शहरात १९०२ मध्ये बॉशच्या गोटलोब होनोल्डनं उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला स्पार्क प्लग तयार केला. त्याच्या गावात राहून आपण झटके खाणं बरं दिसत नाही.

पावसाळी हवेत गाडी मिसिंग मारत असेल, तर अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. हात लांब ठेवा. गळकी वायर निळसर चमकताना दिसेल. तपासणीचा हा एकच प्रकार घरातली मुलंही मागं उभी राहून बघतात.

तर, माझी गाडी. रोटर फिरत होता. काटा कधी फडफडायचा, कधी नाही. रिलेच्या जागी वायरीचा तुकडा टाकून ३० वरून थेट करंट दिला, पंप वाजला, आणि सेल्फ मारल्याबरोबर गाडी सुरू झाली. कुणीही म्हणेल, रिले गेला. मी नवा रिले बसवला. परत तेच, कधी हो, कधी नाही. मग उद्यमनगरातल्या उस्तादांचा बल्ब आठवला. रिलेच्या ८६ वर, म्हणजे किल्लीकडून येणाऱ्या करंटवर तो लावला. किल्ली नुसती फिरवली: मीटरवर १२.४, पण बल्ब मात्र पिवळट. सेल्फ मारला: मीटर सहावर, बल्ब विझल्यात जमा. एवढ्या व्होल्टेजवर रिलेतलं चुंबक पकड सोडतं. नवा रिले निर्दोष होता, जुनाही असावा.

८६ वरून वायरीमागं वायर धरत डॅशबोर्डखाली उताणा झोपलो. स्टिअरिंगच्या वर हात घातला तर काळ्या टेपचा चिकट गोळा लागला. कधीकाळी कुणीतरी चोरी रोखायची अलार्म बसवली होती. पुढं अलार्मचा डबा काढून टाकला, पण १५ नंबरची वायर कापलेली होती ती नुसती पीळ देऊन टेपमध्ये गुंडाळून दिली. तांबं हिरवं पडलं होतं. कापलं, सोल्डर केलं, नळी चढवली. टेपचा गोळा काढून खिशात ठेवला.

गाडी विकणाऱ्याला फोन केला. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अलार्म माझ्याआधीच्यानं बसवली होती. मला वाटलं, चोरांपासून गाडी सुरक्षित आहे.” ते जुन्या भागांचं खोकं त्यानं गाडीबरोबर मला फुकट दिलं होतं. दोन वर्षांनी त्याची नवी कॉइल गेली, तेव्हा खोक्यातली जुनी काढून बसवली. तीच अजून चालतेय.