एकच झाड, सहा आठवडे

मंडळी, फेब्रुवारी उजाडला की पक्षी बघणाऱ्यांची धावपळ सुरू होते. या रविवारी भिगवण, पुढच्या रविवारी नांदूरमध्यमेश्वर. थंडीचे पाहुणे परत जायच्या आत सगळं उरकून घ्यायची घाई. जावं, जरूर जावं. बदकांच्या कुळातले पट्टकादंब एकदा उत्तरेकडे निघाले की पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्यांचं दर्शन नाही. पण वसंत म्हणजे बदल, आणि बदल कळायचा तर त्याच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं. दहा ठिकाणी एकेकदा गेलात तर हाती दहा याद्या येतात, त्यांत वसंत कुठेच नसतो. म्हणून आज माझं सांगणं एवढंच : घरापासून चालत जाता येईल असं एक झाड निवडा आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत आठवड्यातून निदान दोनदा तिथे उभे राहा.

झाड कोणतं? काटेसावर मिळाली तर दुसरं काही शोधू नका. या दिवसांत ती निष्पर्ण असते, त्यामुळे पक्षी लपायला जागा नाही. फूल तळहाताएवढं, पाच जाड लाल पाकळ्या, मधे पुंकेसरांचे जुडगे आणि तळाशी निदलपुंजाची, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या आवरणाची, जाड वाटी. मध साचतो तो त्या तळाला. तिथवर पोचायला पक्ष्याला डोकं पुंकेसरांत खुपसावं लागतं, आणि बाहेर येताना कपाळावर परागकणांची भुकटी घेऊनच तो पुढच्या फुलावर जातो. दुर्बिणीतून एखाद्या मैनेचं कपाळ नीट बघा, म्हणजे परागीभवनावरचा धडा वेगळा वाचायला नको. सावर नसेल तर पळस, पांगारा. तेही नसतील तर उंबर किंवा पिंपळ, पण मग फळं पिकायची वाट बघावी लागेल.

वेळ सकाळची. पुण्यात फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मार्च संपताना साडेसहाच्या आसपास. उगवल्यापासूनचे दीड-दोन तास खरे. दहानंतर ऊन चढतं, हवेत धूळ असते आणि पक्षी सावलीला जातात. उभं राहायचं ते झाडाच्या पूर्वेला, म्हणजे सूर्य तुमच्या पाठीशी येतो आणि रंग दिसतात. पश्चिमेला उभं राहिलात की प्रत्येक पक्षी काळाच. अंतर वीस-पंचवीस मीटर ठेवा. अगदी बुंध्याशी गेलात तर फक्त पोटं दिसतील, मानही धरेल.

दुर्बिणीबद्दल थोडक्यात. आठ बाय बेचाळीस पुरे. आठ म्हणजे किती पट मोठं दिसेल ते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची घेतली तर हाताचा कंपही दहापट दिसतो, शिवाय दिसणारा टप्पा बहुधा लहान होतो. नव्या मंडळींची मुख्य अडचण दुर्बिणीच्या किमतीत नसते, ती न जुळवण्यात असते. उजवा डोळा झाका, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला एखादी फांदी स्पष्ट करा. मग डावा झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेवरची (डोळ्याकडच्या भिंगावरची) कडी फिरवून तीच फांदी स्पष्ट करा. कडीवरची ती खूण लक्षात ठेवा, एरवी दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं. चष्मा असेल तर नेत्रिकेचे रबरी कप खाली करा. आणि पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणा. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधणारा रिकाम्या फांद्याच बघत बसतो.

आता पाहुणे. सावरीवर गर्दी मैनांची. साधी साळुंकी, भांगपाडी, कुठे राखी डोक्याची मैना, आणि या सगळ्यांवर दादागिरी करणाऱ्या भोरड्या, म्हणजे पळसमैना. ज्वारीच्या शेतकऱ्याला त्यांची ओळख करून द्यायला नको. मध्य आशियातून पावसाळा सरता सरता आलेले हे थवे एप्रिलपर्यंत परततात. फेब्रुवारीत त्या मळकट दिसतात, मार्चमध्ये काळा आणि गुलाबी रंग उठून दिसू लागतो. ही नवी पिसं नव्हेत. जुन्याच पिसांच्या फिकट कडा झिजतात आणि खालचा रंग उघडा पडतो. सहा आठवडे एकच झाड बघणाऱ्याला हे डोळ्यांदेखत घडताना दिसतं.

थवा मोजताना घोटाळा होतो. सगळ्या एकदम उडतात, चक्कर मारून पुन्हा बसतात आणि आपण त्याच भोरड्या दोनदा धरतो. म्हणून एका वेळी एकत्र दिसलेला सर्वांत मोठा आकडा लिहा. दहा पक्षी मोजा, त्यांनी किती जागा व्यापली ते बघा, आणि तसे किती तुकडे आहेत याचा अंदाज घ्या. नुसत्या नजरेनं मोठा थवा नेहमी कमीच भरतो.

शिंजीर, म्हणजे लांब चोचीचा इवला मधपिता पक्षी, हा या दिवसांचा दुसरा विषय, आणि इथे चुका जास्त. जांभळ्या शिंजीराचा नर विणीच्या हंगामाबाहेर मादीसारखा पिवळट असतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर पट्टा. फेब्रुवारीत तो अर्धवट रंगलेला, ठिपक्याठिपक्यांचा सापडतो आणि लोक पुस्तकात भलतीच जात शोधत बसतात. जांभळ्या पाठीच्या शिंजीराचा नर असा वेश पालटत नाही. माद्यांसाठी गळा बघा : गळा राखट पांढरा आणि पोट पिवळं असेल तर जांभळ्या पाठीची, गळ्यापासून खालपर्यंत एकसारखा फिकट पिवळा असेल तर जांभळ्या शिंजीराची. पाठीवरून ठरवायला जाल तर फसाल.

आवाजांकडे वळू. 'टुक टुक टुक' सुरू झालं की तांबट पक्षी. चोच मिटलेली, गळा प्रत्येक ठोक्याला फुगतो आणि मान इकडून तिकडे वळत असते, म्हणून आवाज कधी जवळून तर कधी लांबून आल्यासारखा वाटतो. त्याला शोधायचं तर उंच, वाळक्या शेंड्यांवर. घरटं तो वठलेल्या फांदीत कोरतो, भोक बहुधा फांदीच्या खालच्या अंगाला. सोसायट्यांमध्ये मार्चमध्ये 'धोकादायक फांद्या' छाटायची जी टूम निघते, तिच्यात नेमक्या याच फांद्या जातात. रस्त्यावर झुकलेली असेल तर छाटा, पण आतल्या बाजूची वाळकी फांदी पावसाळ्यापर्यंत राहिली तर कुणाचं काय बिघडतं?

कोकिळाबद्दल वहीत 'कोकीळ आला' असं लिहू नका. तो हिवाळाभर इथेच होता, गप्प होता. नोंद करायची ती पहिल्या आवाजाची. 'कुऊ' नराचं, 'किक् किक् किक्' मादीचं. पावशाचं 'पेरते व्हा' ही असंच कान देऊन टिपायचं.

मोबाइलवरचं आवाज ओळखणारं ॲप वापरायला हरकत नाही, पण त्याचं उत्तर ही सूचना समजा, नोंद नव्हे. आपल्याकडे नकलाकार बरेच. कोतवाल शिक्र्याचा, म्हणजे एका शिकारी पक्ष्याचा, आवाज हुबेहूब काढतो. सावरीवर हमखास येणारा हरेवा तर एकटाच चार-पाच जातींचे आवाज काढतो आणि ॲप इमानदारीत चार-पाच नावं दाखवतं. पक्षी बघितल्याशिवाय लिहायचं नाही, किंवा लिहिलंच तर 'फक्त आवाज' असा शेरा मारायचा. आणि तेच ॲप लावून आवाज ऐकवून पक्ष्याला जवळ बोलावणं पूर्ण बंद. विणीच्या तोंडावर नर समोर प्रतिस्पर्धी आला असं समजून सगळं सोडून भांडायला येतो.

वही कशी? तारीख, सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, ढग-वारा, झाडावर साधारण किती फुलं, मग जात, संख्या आणि काय करत होता. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा : मध पीत होता, किडे टिपत होता, काडी नेत होता, भांडत होता. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर ओळखू आलेली प्रत्येक जात लिहा, कावळा-पारव्यासकट. आवडीच्या तेवढ्याच लिहिल्या तर ती यादी पूर्ण धरली जात नाही. जागेवरून तीस मीटरच्या आत राहिलात तर ती 'एका जागेवरची' नोंद. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची गणना होते, भारत त्यात 2013पासून आहे. किमान पंधरा मिनिटांची नोंद चालते, सुरुवात करायला हे निमित्त बरं.

न दिसलेलंही लिहा. आलेला पक्षी लगेच डोळ्यांत भरतो, गेलेला कळत नाही. कुंपणावर शेपूट थरथरवत बसणारा थिरथिरा मार्चमध्ये कधीतरी दिसेनासा होतो आणि तारीख विचारली की सगळे आभाळाकडे बघतात. पहिल्या दर्शनाची तारीख एका भेटीत मिळते. शेवटच्या दर्शनाची हवी असेल तर त्यानंतरच्या दोन-तीन भेटींत 'थिरथिरा शोधला, नाही' असं लिहिलेलं असावं लागतं. धोबी, पर्णवटवटे, लाल छातीचा माशीमार, सगळ्यांना हाच नियम.

चोचीत कीड किंवा काडी घेऊन पक्षी फांदीवर नुसताच बसून ओरडतोय, घरट्याकडे जात नाही, असं दिसलं तर कारण तुम्ही आहात. वीस पावलं मागे व्हा. तरीही गेला नाही तर त्या दिवशी दुसऱ्या बाजूनं बघा. फोटोसाठी घरट्यासमोरची पानं बाजूला करणं म्हणजे कावळ्याला पत्ता देणं. वहीत घरट्याची जागा लिहा, समूहावर टाकू नका.