जूनटीन्थ: सुट्टी कोणाला, काम कोणाचं

(दृश्य: टेक्ससमधलं गॅल्व्हेस्टन बेट. बंदराजवळचा स्ट्रँड रस्ता. एका इमारतीच्या भिंतीवर रंगवलेलं भलंमोठं चित्र.)

हे गॅल्व्हेस्टन, टेक्ससचं जुनं बंदर. २०२१ साली रंगवलेल्या या भित्तिचित्राचं नाव आहे ‘ॲब्सोल्यूट इक्वॅलिटी’, म्हणजे संपूर्ण समता. हे दोन शब्द एका लष्करी हुकमातून घेतलेत. १९ जून १८६५ रोजी अमेरिकी सैन्याचे मेजर जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी याच शहरातून ‘सामान्य आदेश क्रमांक ३’ काढला. सगळा मिळून एक परिच्छेद. टेक्ससच्या जनतेला कळवण्यात येतं, की सर्व गुलाम मुक्त आहेत. पूर्वीचे मालक आणि गुलाम यांच्यात व्यक्तिगत हक्कांची आणि मालमत्तेच्या हक्कांची संपूर्ण समता राहील. आजवर त्यांच्यात जे नातं होतं, ते यापुढे कामाला ठेवणारा आणि मजुरीवर काम करणारा, असं होईल.

पोस्टरवर बहुतेक वेळा इतकंच छापतात. आदेश मात्र इथे संपत नाही. मुक्त झालेल्यांनी सध्या आहेत त्याच घरी शांतपणे राहावं आणि मजुरीवर काम करावं, असा सल्ला पुढे आहे. लष्करी ठाण्यांवर त्यांना गोळा होऊ दिलं जाणार नाही, आणि तिथे किंवा इतर कुठेही रिकामं बसवून त्यांना पोसलं जाणार नाही, अशी ताकीदही आहे.

जन्मल्यापासून एका पैशाची मजुरी न घेता कापूस वेचलेल्या, ऊस तोडलेल्या माणसाला सरकार स्वातंत्र्य देतं आणि त्याच दमात सांगतं, आता आळस करू नका. मला हा आदेश पूर्ण वाचायला हवा असं वाटतं, ते याचसाठी. जूनटीन्थ, म्हणजे जूनची एकोणीस तारीख, हा मुक्तीचा दिवस आहेच. पण त्याच्या मुळाशी असलेला कागद कामाबद्दल, मजुरीबद्दल आणि मालकाबद्दल बोलतो. कामाच्या ठिकाणी हा दिवस पाळायचा तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

(दृश्य: टेक्ससचा जुना नकाशा. पूर्वेकडच्या नदीकाठच्या मळ्यांवर कॅमेरा फिरतो.)

राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांची मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ पासून लागू झाली होती. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, आणि ही घोषणा फक्त गुलामी टिकवण्यासाठी देशातून फुटलेल्या दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांपुरती होती, आणि त्या राज्यांत ती लागू करायला सैन्य पोचावं लागत होतं. टेक्सस लांब पडलं. लढाईची झळ लागलेल्या राज्यांतले मळेवाले आपले गुलाम घेऊन उलट टेक्ससकडेच पळाले. त्यामुळे युद्ध संपताना इथे सुमारे अडीच लाख माणसं गुलामीत होती. बातमी पोचायला अडीच वर्षं लागली, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मालकांना घोषणा ठाऊक होती, कमी होती ती अंमल बसवणाऱ्या फौजेची. ग्रेंजर आल्यावरसुद्धा काही मालकांनी पीक हाती येईपर्यंत आपल्या माणसांना काही सांगितलंच नाही.

आणि मुक्ती नुसती वरून आली असंही नाही. केंद्राच्या सैन्यात जवळजवळ १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले, त्यांतले कितीतरी स्वतः गुलामीतून निसटून आलेले होते.

आदेश म्हणाला, घरीच राहा. माणसं राहिली नाहीत. जी निघाली त्यांतली पुष्कळशी आपल्या माणसांच्या शोधात निघाली. कुणाची आई विकली गेली होती, कुणाचं मूल.

(दृश्य: जुन्या वर्तमानपत्राचा स्तंभ. बारीक टाइप, एकाखाली एक जाहिराती.)

न्यू ऑर्लिन्सहून निघणाऱ्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट’ या वर्तमानपत्रात ‘हरवलेले सोबती’ अशा अर्थाचं एक सदर चालायचं. जाहिराती वाचल्या की त्यांची घडण लक्षात येते. आधी आईचं नाव, मग मालकाचं. मग कुणी कुणाला कुठे विकलं याची साखळी, भावंडांची नावं, आणि शेवटी पत्ता: अमक्या पाद्रींच्या हस्ते कळवावं. वर संपादकांची विनंती, की पाद्रींनी ही पत्रं चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवावीत. हे सदर सुरू झालं १८७०च्या दशकात, मुक्तीला दहाएक वर्षं उलटून गेल्यावर. माणसं तोवर शोधत होती, आणि त्यानंतरही शोधत राहिली.

मुक्तीच्या पुढच्याच वर्षी, १८६६ पासून, १९ जूनला टेक्ससमध्ये लोक जमायला लागले. प्रार्थना व्हायची, मुक्तीची घोषणा वाचली जायची, म्हातारी माणसं गुलामीच्या आठवणी सांगायची आणि मग जेवणावळ. निखाऱ्यांवर भाजलेलं मांस, कलिंगड, लाल सरबत. लाल रंग आजही या दिवसाच्या पानावर असतो. सांडलेल्या रक्ताची आठवण म्हणून, असं कुणी सांगतात. कुणी त्याचा धागा पश्चिम आफ्रिकेतल्या जास्वंदीच्या नि कोला फळाच्या लाल पेयांपर्यंत नेतात.

जमायचं, पण कुठे? सार्वजनिक जागा त्यांना मोकळ्या नव्हत्या. म्हणून ह्यूस्टनमध्ये रेव्हरंड जॅक येट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७२ साली वर्गणी काढली आणि १० एकर जमीन विकत घेतली. मुक्त होऊन सात वर्षं झालेली माणसं, हातावर पोट असलेली. त्यांनी सण साजरा करायला जमीन घेतली. आदेशात ‘मालमत्तेच्या हक्कांची समता’ हे शब्द होते, ते त्यांनी अक्षरशः अमलात आणले. इमॅन्सिपेशन पार्क आजही तिथे आहे. शेजारून जाणाऱ्या रस्त्याला दीर्घकाळ गुलामीच्या बाजूने लढलेल्या एका सैनिकाचं नाव होतं. २०१७ साली ते बदलून इमॅन्सिपेशन ॲव्हेन्यू झालं.

(दृश्य: फोर्ट वर्थ शहर. निवांत वस्ती, लाकडी घरं.)

फोर्ट वर्थच्या ओपल ली यांचं नाव या दिवसाशी कायमचं जोडलं गेलंय. १९३९ साली त्या बारा वर्षांच्या होत्या. गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं म्हणून जमावाने त्यांच्या कुटुंबाच्या घरावर हल्ला केला, सामान जाळलं. तारीख होती १९ जून. पुढे त्या शिक्षिका झाल्या. १९८० पासून टेक्सस राज्यात जूनटीन्थची सुट्टी होती, आमदार अल एडवर्ड्स यांच्या प्रयत्नांनी मिळालेली. ती देशभर व्हावी म्हणून ओपल ली २०१६ साली, वयाच्या ८९व्या वर्षी, वॉशिंग्टनच्या दिशेने चालू लागल्या. वेगवेगळ्या शहरांत अडीच-अडीच मैल. अडीच वर्षांच्या उशिराचे अडीच मैल.

१७ जून २०२१ रोजी जूनटीन्थच्या देशव्यापी सुट्टीच्या कायद्यावर सही झाली, तेव्हा त्या व्हाइट हाउसमध्ये हजर होत्या. पुढे जळिताच्या त्या जुन्या जागेवरच त्यांच्यासाठी नवं घर बांधलं गेलं, आणि २०२४ मध्ये वयाच्या ९७व्या वर्षी किल्ल्या त्यांच्या हातात आल्या.

आता सुट्टीबद्दल बोलू. हा कायदा बांधील करतो तो केंद्र सरकारच्या कार्यालयांना. टपाल बंद, बँका बंद, २०२२ पासून शेअर बाजारही बंद. खासगी मालकावर मात्र कसलीच सक्ती नाही. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याला बहुधा सुट्टी मिळते. गोदामात खोकी उचलणारा, रुग्णालयात चादरी बदलणारी, हॉटेलात भांडी घासणारा, हे कामावर असतात. आणि अशा कामांत कृष्णवर्णीय माणसांचा वाटा मोठा आहे. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांच्या मुक्तीचा दिवस, त्यांतल्या कितीजणांना त्या दिवशी हजेरी लावावी लागते. हे मला फार खटकतं, आणि ते बदलणं कंपन्यांच्या हातात आहे.

कंपन्या काय करतात? ईमेल पाठवतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या झेंड्यातल्या लाल-काळ्या-हिरव्या रंगांचे केक कापतात. एका मोठ्या दुकानसाखळीने २०२२ साली जूनटीन्थच्या नावाने आइस्क्रीम विकायला काढलं आणि लोक संतापल्यावर मागे घेतलं. काही ठिकाणी विभागातल्या एकुलत्या एका कृष्णवर्णीय सहकाऱ्यालाच सांगतात, तू चार शब्द बोल. त्याने आपल्या घराण्याचं दुःख सभागृहात उलगडून दाखवायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. हे करू नका. बोलायची इच्छा असेल तर तो बोलेल. नाहीतर इतिहास वाचायचं काम सगळ्यांचं आहे.

यापेक्षा अवघड, पण खरं काम म्हणजे जुन्या वह्या उघडणं. शिकागो शहराने २००२ साली नियम केला, की शहराशी करार करणाऱ्या कंपन्यांनी गुलामीच्या काळातले आपले व्यवहार जाहीर करावेत. त्यातून २००५ मध्ये जेपी मॉर्गन चेस बँकेला सांगावं लागलं, की तिच्यात पुढे विलीन झालेल्या लुइझियानातल्या दोन बँकांनी सुमारे १३ हजार माणसं कर्जाला तारण म्हणून धरली होती. जमीन, बैल, घर तारण ठेवावं तशी माणसं. कर्ज बुडालं की बँक त्यांची मालक व्हायची. बँकेने माफी मागितली आणि लुइझियानातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीचा निधी काढला. भरपाई पुरेशी होती का, यावर वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. पण वही उघडली, हे कुठल्याही केकपेक्षा मोलाचं.

(दृश्य: ह्यूस्टनजवळचं शुगर लँड. रुंद रस्ते, नवी घरं, शाळेची इमारत.)

हे शुगर लँड. ह्यूस्टन परिसरातली पुष्कळ भारतीय कुटुंबं इथे राहतात, त्यांत मराठीही आहेत. २०१८ साली इथे एका शाळेच्या बांधकामासाठी खोदताना ९५ माणसांचे सांगाडे सापडले. ते गुलामांचे नव्हते. गुलामी संपल्यानंतरच्या काळातल्या कैद्यांचे होते.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने ६ डिसेंबर १८६५ रोजी देशभरातली गुलामी संपवली, पण एक अपवाद ठेवून: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. त्या फटीतून दक्षिणेतल्या राज्यांनी क्षुल्लक कारणांवरून कृष्णवर्णीयांना पकडलं आणि मळेवाल्यांना भाड्याने दिलं. शुगर लँडच्या ऊसमळ्यांत असेच कैदी राबले आणि मेले. सांगाड्यांत चौदा वर्षांच्या आसपासचा एक मुलगाही होता. तिथे कबरी असणार, हे रेजिनाल्ड मूर नावाचे गृहस्थ कित्येक वर्षं सांगत होते. ते पूर्वी तुरुंगात पहारेकरी होते. त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही.

ह्यूस्टनकडच्या मराठी मंडळांना माझी विनंती आहे, १९ जूनच्या आसपासच्या एखाद्या रविवारी मुलांना इथे घेऊन या.

हा इतिहास आपल्याला परका नाही. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं, तेव्हा ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं: गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल आदर म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा या इच्छेने. ग्रेंजरच्या आदेशाला तेव्हा आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसून एका माणसाने समुद्रापलीकडची घटना आपल्या शूद्र-अतिशूद्र भावंडांसाठी वाचली. १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्य आणि अमेरिकेतले निग्रो यांच्या स्थितीत इतकं साम्य आहे, की त्यांच्या प्रश्नाचा अभ्यास करणं नुसतं स्वाभाविक नाही, आवश्यक आहे, असं त्यांनी त्यात म्हटलं.

आणि उशिरा आलेली मुक्ती म्हणजे काय, हे आपल्याकडच्या भटक्या-विमुक्तांना कुणी समजावून सांगायला नको. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये ठेवलं. देश १९४७ साली स्वतंत्र झाला आणि हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. त्यामागोमाग राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांची नजर तीच राहिली. तेराव्या दुरुस्तीतला तो अपवाद वाचताना मला हेच आठवतं. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळला जातो, पण तो किती ऑफिसांना माहीत आहे?

दिवस पाळण्याची एक रीत आपल्याकडे फार चांगली रुजली आहे. १४ एप्रिलच्या सुमारास कितीतरी महाविद्यालयांत आणि वसतिगृहांत मुलं सलग अठरा तास अभ्यासाला बसतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेली माणसं घरी जाताना पुस्तकं घेऊन जातात. टेक्ससमध्ये घोषणा मोठ्याने वाचायचे, इथे माणसं वाचायला बसतात.

(दृश्य: पुण्यातलं आयटी पार्क. संध्याकाळ, कंपनीच्या बस रांगेत उभ्या.)

पुण्यात, हिंजवडीत, अमेरिकन ग्राहकांसाठी काम करणाऱ्या टीमच्या कॅलेंडरवर १९ जूनला खूण असते. क्लायंटला सुट्टी, त्या दिवशी कॉल नाहीत. बऱ्याच जणांना इतकंच माहीत असतं. त्या मोकळ्या तासात आदेश क्रमांक ३ टीमने मिळून वाचावा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पाच मिनिटं लागतात. मग तुमच्या इमारतीत कंत्राटावर काम करणाऱ्यांकडे वळा, जमिनी पुसणाऱ्या मावशी, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक. ऑफिस बंद असलेल्या दिवशी त्यांची हजेरी भरते की पगार कापला जातो? त्यांचा पगार वेळेवर होतो का, पीएफ भरला जातो का? अमेरिकेत असाल तर तिथल्या साफसफाईच्या आणि कॅन्टीनच्या कंत्राटदाराबद्दल हेच विचारा. एचआरला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी मागा. १९ जूनच्या आधी विचारलंत तर त्याच महिन्याच्या पगारात फरक पडू शकतो.